रोह्याचा मिस्त्री आणि आमचा ट्रॅक्टर

कुठल्याही इंजिनापाशी आला की हा मिस्त्री आधी त्याला उलटा हात लावायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. इंजिन दहा वर्षं थंड पडलेलं असलं तरी. मग म्हणायचा, "घाई हाय का, शेट? असंल तर दुसरा बघा." दुसरा कोणी नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. जुन्या इंजिनाचं नाव काढलं की रोह्यात लोक त्याच्याच पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवत.

मी वडखळ नाक्यावरचा भंगारवाला. एका हातगाडीवर सुरुवात केली. तराजू आणि तोंड, या दोहोंच्या जोरावर उभा राहिलो. डोकं लवकर तापतं, हेही सांगून टाकतो.

त्या डोक्यात एक जुनी गोष्ट घर करून होती. वडिलांनी पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या शेतीसाठी ट्रॅक्टर आणला होता, गावातला पहिला. ते गेले तेव्हा मी मुंबईत गोदीत कामाला होतो. दिवस-कार्य उरकून मी परत गेलो आणि महिन्याभरात काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं, तो विकून टाकला. मला दोन ओळींचं पत्रही नाही. पुढं वीस वर्षं मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला नाही. ट्रॅक्टर शोधायचा, दुरुस्त करायचा आणि स्वतः चालवत त्यांच्या दारात नेऊन उभा करायचा, एवढंच मला हवं होतं.

शोधत शोधत मी मिस्त्रीपाशी पोचलो आणि काकांची गोष्टही त्याला सांगितली. त्यानं मला रोह्याच्या अलीकडच्या एका गावात नेलं. तिथं एका ट्रॅक्टरला पट्टा लावून कित्येक वर्षं भाताची गिरणी चालवली होती. पुढं विजेची मोटर आली आणि ट्रॅक्टर परसात गेला. त्याच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. हा आपला कशावरून, असं मी विचारलं तर मिस्त्रीनं पात्यानं मडगार्ड खरवडलं. गंजाखाली हिरवा रंग निघाला आणि हिरव्याखाली गुलाबी.

"हा रंग ट्रॅक्टरचा नाय, शेट. गणपतीच्या सोंडेचा हाय. असला पेणलाच मिळनार."

ओळख पटली. वडील दर वर्षी गणपतीच्या कारखान्यातून उरलेला रंग आणायचे, त्यात रोगण घालायचे आणि मडगार्डला फासायचे. गावातली पोरं हसायची.

पण समोर गिरणीवाली मावशी उभी होती, आणि माझी सवय आडवी आली. मी तोंड वाकडं केलं. "कसला ट्रॅक्टर, मावशी! किलोनं दिलास तरी कोणी उचलणार नाही." मिस्त्रीनं पातं पुसून खिशात टाकलं. भाव उतरावा म्हणून मी मुद्दाम पंधरा दिवस तिकडे फिरकलोच नाही. भंगारात हे असंच चालतं.

पंधरा दिवसांनी गेलो तर बॉनेट नव्हतं, पुढची दोन्ही चाकं नव्हती.

"तूच म्हनलास ना, कोन उचलनार नाय," मावशी शांतपणे म्हणाली. "फेरीवाला आला, म्हटलं ने बाबा. बाकीचं उद्या नेनार हाय."

मी तिच्यावर ओरडलो. आवाज ऐकून शेजारी जमा झाले. मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं.

"तिच्यावर कशाला वराडता? काकानं इकला तो आख्खा इकला. तुमी नुसत्या तोंडानं त्याचे तुकडे केलेत."

त्या दिवशी मावशीनं सांगितला तो भाव मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

चाकं मिस्त्रीनं नागोठण्याहून मिळवली. बॉनेट सापडलं ते एका कोंबड्यांच्या खुराड्यावर, छप्पर म्हणून. बदल्यात नवा पत्रा द्यावा लागला, आणि तो मिस्त्रीनं स्वतः ठोकून दिला. इंजिन जाम होतं. त्यात त्यानं रॉकेल आणि तेल ओतलं. मग रोज सायकलवरून मावशीच्या परसात यायचा, गिअर टाकून मागच्या चाकाला केसभर हिसका द्यायचा आणि निघून जायचा. मी चिडायचो. "जोरात फिरव की एकदा!" तो म्हणायचा, "मोडायला येक दीस पुरतो, शेट." दीड महिन्यानं चाकाबरोबर इंजिन फिरलं. काय घडतंय ते बघायला मावशीही हातातलं सूप घेऊनच उभी राहिली होती.

मग मिस्त्री अडला, कितीही हँडल मारलं तरी इंजिन पेटेना. हा ट्रॅक्टर हँडल मारून पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर घ्यायचा. मिस्त्री म्हणाला, "ह्याची खोड मला गावत नाय. पूर्वी हाकायचा कोन?"

"काका," मी म्हणालो. वडील मडगार्डवर बसायचे, चालवायचे काकाच.

"मंग त्यांना आना."

"मेलो तरी नाही."

"मंग ऱ्हाऊ दे भोपळ्याखाली." हत्यारं गुंडाळून तो चालता झाला. आठ दिवस मी निरोपावर निरोप धाडले. तो आला नाही.

नवव्या दिवशी मी मावशीच्या परसात पोचलो तर मिस्त्री एसटीनं काकांना घेऊन आला होता. काका फार वाळले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी टोपी काढून बॉनेटवर ठेवली, एका तळव्यानं इंजिनात हवा जाते ते तोंड अर्धं झाकलं आणि मला म्हणाले, "मार हँडल." मी मारलं. तिसऱ्या फेऱ्याला ट्रॅक्टर धडधडला.

त्या आवाजात काका काहीतरी बोलले. मला ऐकू आलं ते एवढंच, "तुला कळवायला पायजे होतं." मी मान हलवली. संध्याकाळी ट्रॅक्टर त्यांच्या दारात गेला खरा, पण चालवत काका होते आणि मी मडगार्डवर बसलो होतो. काकांशी माझं अजूनही पुरतं जमत नाही. जाणं-येणं आहे.

मिस्त्री दोन पावसाळ्यांनी गेला. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. रोह्याला जाऊन बंद शेड बघितली आणि परतताना मावशीकडे थांबलो. त्याच्याबद्दल बोलता बोलता ती म्हणाली, "त्या ट्रॅक्टरनं माजी झोप घालवलीन. तुजे काका यायच्या आदल्या दिशी दुपारभर चालू ठेवला होता त्यानं."

"कोणी?"

"मिस्त्रीनं. येकल्यानं. मग बंद केलान, पुसलान. मी इचारलं, आता चालू झालाय तर बंद कशाला करतोस? तर म्हनला, मावशी, कुनाला सांगू नको. उद्या त्या दोघांना चालू करायचा हाय."