कोऱ्या पानावर आठ सह्या

मी घरातला पहिला पदवीधर. कोणी विचारो न विचारो, ओळख करून देताना हे मी सांगतोच. अमरावतीत नोकरीला लागल्यावर आमच्या कबड्डी लीगचं सचिवपद माझ्याकडे आलं तेही याच जोरावर. खेळात मी शून्य. शाळेत पहिल्याच चढाईत चष्मा फुटला, तेव्हापासून रेषेबाहेर. पण ठराव लिहावा तर मीच. ‘सर्वानुमते असे ठरले की’पासून आभारापर्यंत माझं वाक्य कुठे अडखळत नसे.

लीग म्हणजे फार मोठं काही नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले आठ संघ, पाच पोरांचे, तीन पोरींचे. हिवाळाभर दर रविवारी सामने, कधी इकडे, कधी तिकडे. अध्यक्ष अकोल्याचे, डाळमिलवाले. सगळे त्यांना भाऊ म्हणतो. माणूस दिलदार. मैदानावरची माती स्वतःच्या ट्रॅक्टरने आणून टाकतात, आणि सामना रंगला की खुर्ची सोडून रेषेपाशी येऊन उभे राहतात.

आमच्या सभेची एक रीत होती. ठरावाची वही आधी फिरायची. कप्तानांना एसटी गाठायची असते, कोणाला ड्युटी असते. त्यामुळे चहा-कचोरी येईपर्यंत आठही जण कोऱ्या पानाच्या तळाशी सही करून मोकळे होत. वरचा मजकूर मी घरी जाऊन निवांत लिहायचो. पंच कोण, तारखा कोणत्या, चेंजिंग रूमला दार बसवायचं. ते कोणी कधी वाचलं नाही. माझ्यावर विश्वास आहे म्हणून वाचत नाहीत, असा मी अर्थ घेतला होता.

त्या हिवाळ्यातली गोष्ट. घरच्यांच्या सहीशिवाय प्रेमविवाहाची नोंदणी होऊ नये, राज्याने तसा कायदा करावा, अशी मागणी गावोगाव चालली होती. गुरुवारी अमरावतीला आमची सभा झाली. तिच्यात हा विषय निघालासुद्धा नाही. संध्याकाळी भाऊंचा फोन आला.

“सेक्रेटरी, एक विषय राह्यलाच. त्या लग्नाच्या कायद्याले आपल्या लीगचा पाठिंबा लिहून टाका. सोमवारी मी मुंबईले चाललो. मंत्र्याच्या हाती देतो.”

“भाऊ, सभेत बोलणं नाही झालं.”

“सह्या हाय ना? मंग! आणि मायबापाले इचारा म्हणण्यात वाईट काय हाय? तुमच्यावानी कोणाले लिहिता येत नाही जी.”

त्या शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. मला तो कायदा पटत होता का? नव्हता. पण ठराव म्हणजे नुसता कागद, मुंबईत असे गठ्ठे पडलेले असतात, असं मी मनाशी म्हटलं आणि लिहायला बसलो. ‘कुटुंबसंस्थेचे पावित्र्य व युवा खेळाडूंचे हित लक्षात घेता’ असं सुरू केलं. लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा वाचलं. छान जमलं होतं. पानाचा फोटो काढून लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

सात अंगठे आले. आठवा आला नाही. फोन आला.

वलगावच्या पोरींच्या संघाची कप्तान. घरची भाजीची वाडी, पहाटे बापासोबत मेथी-सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटून मग सरावाला येणारी. तिची पायपकड एकदा बसली की सुटत नाही, आणि बोलणंही तसंच.

“सर, हे तुमी लिवलं?”

“हो. भाऊंनी सांगितलं म्हणून.”

“खाली माही सही हाय.”

“ठरावाला सगळ्यांचीच असते.”

“माहं लग्न ठरलं, सर. नोटीस लागली हाय, नोंदणीच्या हापिसात. तीस दिवसांतले बारा झाले. थो तुमच्या समाजाचा हाय. माय हो म्हणून राहिली, बाबा बोलूनच नाही राहिले. आणि इकडं मीच मंत्र्याले लिहून देतो, का बापाच्या सहीशिवाय लग्न नको म्हणून? उद्या थो कागद बाबाच्या हातात पडला तर थे काय म्हणतीन? पोट्टीनं सोताच कबूल केलं म्हणतीन.”

“तुझं लग्न ठरलंय हे मला माहीत नव्हतं.”

“काहून लिवलं सर? वाचून तरी पाहाचं.”

मीच लिहिलेलं मला वाचायला सांगत होती ती. मी फोन ठेवला आणि वाचलं. ‘आमच्या सर्व खेळाडूंची अशी ठाम भावना आहे की.’ सर्व खेळाडूंची! एकालाही विचारलं नव्हतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोक न वाचता अंगठे देत आले. त्यातून बाहेर पडलो म्हणून मी मिरवत होतो, आणि शिकलेला झाल्यावर दुसऱ्यांच्या सह्यांवर मीच मजकूर चढवत होतो. लाज वाटली. थोडीथोडकी नाही, चांगलीच वाटली.

रविवारी सामने अकोल्याला होते. सकाळच्या गाडीने मी वही घेऊन निघालो. ती आणि तिच्या संघातल्या पोरी त्याच गाडीत. अकोल्यापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या एका पोरीने मला संत्रं दिलं तर हिने तिच्याकडे असं बघितलं की पोरीने अर्धं परत घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत टिनाच्या शेडखाली मी आठही कप्तानांना आणि भाऊंना बसवलं. उभा राहिलो आणि सरळ सांगितलं, “हा ठराव सभेत झालेला नाही. सह्या आधी घेतल्या, मजकूर मी नंतर लिहिला. चूक माझी आहे. हा रद्द करा.”

भाऊ हसले. “सेक्रेटरी, बारा वर्षं झाली, असंच चाललं. आजच काय झालं?”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचं तिने सांगायचं होतं, आणि तिने सांगितलं. उभी राहून, हात मागे बांधून, फोनवर सांगितलं तेवढंच.

भाऊ थोडे वरमले. पण मागे हटणारे ते नव्हेत. “पोरी, तुह्या लग्नाले माहा इरोध नाही. पण मले एक सांगा. मैदानाच्या जागेसाठी आपण निवेदन देतो. एसटीच्या सवलतीसाठी देतो. तवा कोणी म्हणत नाही का लीगनं बोलू नये. मंग समाजाच्या कायद्यावर काहून बोलू नये? लोक खेळाडूचं ऐकतेत. ऐकतेत तर बोला!”

प्रश्न खरा होता. उत्तर दिलं अकोल्याच्या पोरांच्या कप्तानाने. सहा फुटी गडी, हमालीच्या टोळीचा मुकादम.

“भाऊ, मी तुमच्याच बाजूचा आहो. मायबापाले इचारलंच पाहिजे, असं मले वाटते. पण मले कोणी इचारलं? मैदान आमाले सगळ्याइले पाहिजे, सवलत सगळ्याइले पाहिजे. लग्न ज्याचं त्याचं वेगळं हाय. माह्या तोंडून तुमी बोलाचं असन तर पहिले मले इचारा.”

“वा रे माह्या बाजूच्या!” भाऊ म्हणाले. सगळे हसले. तीसुद्धा, गालातल्या गालात.

मग मत घेतलं. ठराव पाठवायचा म्हणणारे तिघे, त्यात मुकादम पहिला. नको म्हणणारे पाच. मी पानावर आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं आणि वही प्रत्येकापुढे धरली. या वेळी सगळ्यांनी वाचून सही केली. मुकादमाने तर ओठ हलवत सगळं वाचलं आणि म्हणाला, “सर, पावित्र्य म्हणजे काय लिवलं हे?”

मला वाटलं, झालं. पण ती बसली नाही.

“आता उलटा ठराव घ्या. असा कायदा नको म्हणून. पाच मतं हायच की.”

माझ्या मनासारखीच मागणी होती. एका क्षणात मी दोन वाक्यं मनात जुळवलीही. पण समोर मुकादम बसला होता. नुकतंच त्याने आपल्याच बाजूविरुद्ध बोलून तिची सही सोडवली होती, आणि आता त्याच्या डोक्यावर मी तिचं मत लादणार?

“नाही,” मी म्हणालो. “मला तुझं पटतं. पण लीगच्या नावाने नाही.”

“म्हणजे तुमी कोणाचेच नाही,” ती म्हणाली.

“तुझ्याच बाजूचा आहे. माझ्या नावाने लिहितो, माझी सही करतो. तूही लिही.”

तिला ते अर्धवट वाटलं, आणि अजूनही वाटतं. परवा मला म्हणाली, “सर, पाच जण एका बाजूनं असूनही तुमी गप्प बसवलं. ही कुठली रीत?” तिला काय सांगू? लीगच्या नावाचा शिक्का वजनदार आहे हे भाऊ बरोबरच म्हणाले होते. म्हणूनच तो ज्यांना नको त्यांच्याही अंगावर पडतो. मी तेवढ्यावर ठाम आहे. ती तिच्या म्हणण्यावर.

सोमवारी भाऊ मुंबईला गेलेच. पण डाळमिलच्या लेटरहेडवर, स्वतःच्या एकट्याच्या सहीने. मी माझं पत्र टाकलं. तिने तिचं लिहिलं. मी म्हटलं, “आण, जरा नीट करून देतो.” म्हणाली, “नको सर. तुमी लिवलं का लय गोड होते, मंग काय म्हणाचं हाय थेच समजत नाही.”

त्याच रविवारी, शेडमधून उठल्यावर, दुपारच्या सामन्यात ती दुसऱ्याच चढाईत बाद झाली. भाऊ रेषेपाशी येऊन ओरडले, “लक्ष कुठं हाय पोरी! लग्नाले अजून टाइम हाय!”

“तुमाले बोलावणं हाय भाऊ,” ती बाकावर जाता जाता म्हणाली, “पण भाषण नाही कराचं.”

नोटिशीचे तीस दिवस भरल्यावर लग्न झालं. तिचे बाबा नोंदणी कार्यालयाच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच निंबाखाली थांबले. सही त्यांची लागत नव्हतीच. ती बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “जेवली का नाही सकाळपासून?”