टीव्हीकडे पाठ करून बसणारा मिस्त्री

मिस्त्री सेटटॉप बॉक्स दुरुस्त करायचा तो टीव्हीकडे पाठ करून. चित्र हललं, फुटलं, गेलं, हा ढिम्म! "चित्र रडतं रे नुसतं. दुखतं कुठे ते तारेला विचार," असं म्हणून तो मीटर लावून मोजायला बसायचा. लालबागच्या आमच्या सेटटॉप बॉक्सच्या वर्कशॉपमध्ये मला त्या पाठीचा भयंकर राग यायचा.

जळायचो मी त्याच्यावर, सरळच सांगतो. मी डिप्लोमावाला, तो दहावी नापास, आणि मालक मात्र येता-जाता मलाच विचारायचे, "मिस्त्रीला दाखवलंस का?" अंगाचा तिळपापड व्हायचा. मिस्त्रीच्या बायकोने दिलेलं शिंपल्यांचं, म्हणजे तिसऱ्यांचं सुकं तो आधी माझ्या डब्यात वाढायचा. तेही चविष्ट असायचं, मेलं!

वर्कशॉपला हेड नेमायचा होता. मालकांनी मला तीस बॉक्स दिले आणि म्हणाले, "हा लॉट नीट काढ, खुर्ची तुझी." डिशकडून आलेल्या सिग्नलमधून डेटा काढून पुढे देणारी डीमॉड्युलेटर चिप सगळ्यांत बदलायची होती. जुनी मिळेना, म्हणून मी दुसऱ्या कंपनीची आणली. पाय तेवढेच, जागा तीच. पाच-पाच मिनिटं चालवून पाहिले आणि पाठवून दिले.

चौथ्या दिवशी बॉक्स परत यायला लागले. सिग्नल फुल, पण बॉक्स तापला की चित्राचे चौकोन! मी डिशला दोष दिला. अँटॉप हिलच्या एका आजोबांना दोनदा गच्चीवर चढवलं. चौकोन तसेच.

शेवटी मिस्त्रीने स्कोपच्या, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, दोन तारा चिपच्या पायांना लावल्या.

"हे बघ. ही चिप डेटा देते, सोबत क्लॉकचा ठोका देते. ठोका वर चढला की पुढची चिप डेटा उचलते. जुनी चिप डेटा बदलायची ठोका उतरताना, म्हणजे चढेपर्यंत तो स्थिर. तुझी ही नेमकी चढतानाच बदलते. गार असताना कसंबसं जमून जातं, तापली की वेळ जराशी सरकते आणि चुकतं. वाढप्याची पळी हलत असताना वाटी ओढलीस तर आमटी कुठे जाणार?"

प्रोग्रॅममध्ये क्लॉक उलटा करायची सेटिंग होती. त्याने ती बदलली. दोन तास बॉक्स तापला, एक चौकोन नाही. हीच आकृती परीक्षेत काढून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते!

मालकांनी विचारलं, "कोणी शोधलं?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मी."

तो स्कोपच्या तारा गुंडाळायला लागला. खुर्ची मला मिळाली. महिन्याभरात त्याने वडाळ्याला दुसरी नोकरी धरली.

शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा झाल्यावर त्याने मला जिन्यात गाठलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी तयारच होतो, शिव्यांनी फिट्टंफाट झाली असती.

"तुझा हात चांगला आहे रे," तो म्हणाला, "पण तू सारखा माझ्याकडे बघतोस. आता मी नसेन, तर कामाकडे बघ."

खांद्यावर थोपटून तो जिना उतरून गेला. शरमेने मरायला हवं होतं मी. पण खरं सांगू? तेव्हाही मनात एवढंच आलं, की असं माफ करणंसुद्धा यालाच कसं जमतं!