सरसावर ओतलेलं पाणी

कॅनव्हास ओसरीच्या कडेला टेकवून मी चार पावलं मागं सरलो की माई तांब्या घेऊन यायच्या. कॅनव्हासवर पाणी शिंपडायच्या. मगच रावसाहेब, त्यांचा मुलगा, तो उचलून आत न्यायचे. माझ्या हाताचा विटाळ असा धुतला जायचा. दर कॅनव्हासला. तीन वर्षं.

घर हैदराबादेत, जामबागेत. रावसाहेब नावाजलेले चित्रकार. मी उदगीरकडचा, आमच्या घरातला पहिला बी.ए. माझं कॉलेज याच कामावर झालं. तो उपकार मी आजही नाकारत नाही.

काम मागच्या अंगणात चाले. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून खिळे मारायचे. सरस, म्हणजे चिकटवायची खळ, मंद आचेवर विरघळवून त्याचा एक हात द्यायचा. वाळला की सरसात कालवलेल्या खडूचे दोन हात. मग पॉलिश पेपरनं घासायचं. टिचकी मारल्यावर कापड ढोलकीसारखं वाजलं की बरं वाटे. दिवसभरात तेवढाच आवाज. आत त्यावर काय रंगतं, ते मी कधी पाहिलं नाही. एक कॅनव्हास देवघरातल्या चित्रासाठी आहे, एवढं रावसाहेब एकदा म्हणाले होते.

मग हैदराबाद राज्य तुटणार हे ठरलं. आमचे जिल्हे मुंबईकडे चालले. खोलीवरचे सोबती एकेक करून गेले. मी एकटा उरलो. मला तिकडं मास्तरकी हवी होती. त्यासाठी रावसाहेबांची शिफारस हवी होती. त्यांना एका बड्या अधिकाऱ्याचं चित्र घाईनं करायचं होतं.

"एवढं होऊ दे, चिठ्ठी देतो," ते म्हणाले.

त्या चित्राचा कॅनव्हास मी ओसरीला टेकवला, त्या दिवशी एकादशी. माईंनी शिंपडलं नाही. अख्खा तांब्या ओतला.

मी ओरडलो, "माई, सरस सुटेल!" मग रावसाहेबांकडे वळलो. "दोन दिवस वाळू द्या."

"बी.ए. झालास म्हणून मला सोवळं शिकवतोस का रे?" माई म्हणाल्या.

रावसाहेबांनी ओल्यावरच रंग चढवला. महिन्याभरात अधिकाऱ्याच्या गालाचे पापुद्रे निघाले. चित्र परत आलं.

रावसाहेबांनी मला अंगणात उभं केलं. पायरीवर दोन कागद ठेवले. एकात अधिकाऱ्याला दाखवायला लिहिलेलं, कॅनव्हासचा लेप माझ्या निष्काळजीपणानं बिघडला. दुसरी शिफारशीची चिठ्ठी, त्यांच्या सहीची.

"सही कर नि चिठ्ठी घेऊन जा. तुझं काय जातंय?"

"पाणी माईंनी ओतलं, रावसाहेब."

"मालूम है रे. पण तसं लिहिता येतं का?"

त्यांना ठाऊक होतं.

माई दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "माई, सरस जनावराच्या कातड्याचा असतो. तुमच्या देवघरातल्या चित्राखालीही तोच आहे. माझ्या हातचा. कितीही पाणी ओता."



मी कागद उचलला. त्यातलं खोडलं. खाली लिहिलं, 'लेप पाण्यानं सुटला. पाणी माझा विटाळ धुवायला ओतलं होतं.' पूर्ण नावानिशी सही केली. बापाच्या नावासकट. चिठ्ठीला हात लावला नाही.

तो कागद त्यांनी फाडला असेल. मला मास्तरकी उशिरा मिळाली, आणि तोवरचे दिवस फार एकट्यानं काढले. पण माझं ठरलंय. माझ्या हातून बिघडलं तर सही माझी. कुणाच्या सोवळ्यानं बिघडलेलं मी माझ्या नावावर घेणार नाही.