डोंगराखालच्या घराचं बुकिंग

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. लेक मुंबईत नोकरीला असते. यंदा दिवाळीला आली ती ठरवूनच आली, की मे महिन्यात आईला परदेश दाखवायचा. मी म्हटलं, मग दुबईला ने, तिकडं आपल्या गावची माणसं तरी भेटतील. तर म्हणाली, नाही, लिश्टेनस्टाईन. हे नाव तिनं मला तीनदा म्हणून दाखवलं तेव्हा कुठं तोंडात बसलं.

ओटीवर बसून तिनं फोनमधला नकाशा उघडला. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये एक बारीकशी चिंधी. मी विचारलं, हा काय तालुका म्हणायचा? म्हणाली, अख्खा देश. लांबी किती, तर महाडहून निघावं आणि कशेडी घाटात पोचावं, तेवढीच. पुढं देश संपला. ह्या रस्त्यानं मी जन्मभर एस्टीनं गेले-आले, बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्यांना. आणि तेवढ्याशा वाटेत तिकडं राजा राहतो, त्याचा डोंगरावर किल्ला आहे, सरकार आहे, शाळा आहेत. फौज मात्र नाही. विमानतळही नाही. कडेनं नदी वाहते, तिच्यावरचा पूल ओलांडला की दुसरा देश लागतो आणि कुणी अडवत नाही म्हणे. आम्ही सावित्रीचा पूल ओलांडला तर फार तर भाजी जरा स्वस्त मिळते.

धाकट्या जाऊबाई सुपात तांदूळ घेऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "डोंगरच बघायचे तर एवढ्या लांब कशाला गो? मागचं दार उघड नि बघ." आम्ही तिघी पोटभर हसलो.

मग लेकीनं उतरायची जागा दाखवली. हॉटेल नव्हे, एका शेतकरीण बाईचं घर. माडीवरची खोली ती पाहुण्यांना देते. लाकडाचं घर, खिडक्यांत लाल फुलं, अंगणात गाई. कुणीही ती फुलंच आधी बघितली असती. मी बघितला घरामागचा डोंगर. सरळ उभा.

मागं एका पावसाळ्यात आमच्या मागची उतरण खाली आली. गोठा गेला, दोन म्हशी गेल्या. माणसं त्या वेळी खालच्या देवळात भजनाला होती, म्हणून राहिली. तेव्हापासून मोठा पाऊस लागला की वाडीतलं कुणी ना कुणी वरच्या झऱ्यावर जाऊन पाणी बघून येतं. पाणी गढूळ झालं की डोंगर सुटायला लागला समजायचं, मग आम्ही सगळे उठून खालच्या शाळेत जातो. इथं निदान बघणारं कुणी असतं.

मी म्हटलं, "मी नाय येत. तू जाऊन ये."

तिचा चेहरा उतरला. मला हॉटेलात करमणार नाही म्हणून तिनं हे गाईंचं घर मुद्दाम शोधलं होतं. एवढी एकच खोली उरलेली, आणि बाईला आजच कळवायचं होतं. हळूच म्हणाली, "तू नाहीस तर मीपण नाही, आई. तुलाच न्यायचं होतं."

माझं पाणी झालं. पण भीती काही जाईना. म्हटलं, त्या बाईलाच विचार, तुमच्या डोंगरावर नजर कोण ठेवतं.

लेकीला वाटलं मी थट्टा करते. पण लावला फोन, तोंड दिसतं तो. आमची दुपार, त्यांची सकाळ. बाई माझ्याच वयाची निघाली. हात माझ्यासारखेच, कामानं जाड झालेले. लेक इंग्रजीतून विचारी नि मला मराठीत सांगे. मला वाटलं, बाई हसेल. ती हसली नाही. फोन घेऊन तशीच घरामागं गेली आणि वर दाखवलं. गवताच्या उतारावर झाडांचा काळा दाट पट्टा. म्हणाली, हे रान गावात कुणी तोडत नाही. तिच्या आज्याच्या आज्यानंही तोडलं नाही. ते दगड अडवतं, बर्फ अडवतं. ते आहे म्हणून आम्ही खाली झोपतो.

आमच्या वाडीवरही देवीची राई आहे. तिथली वाळकी काटकी कुणी चुलीला आणत नाही. उतरण आली ती राईच्या पलीकडची, उघडी पडलेली. राईखालचा एक धोंडा हलला नव्हता. मी लेकीला म्हटलं, सांग तिला हे. बाईनं नीट ऐकून घेतलं. आम्ही देवीचा कोप होईल म्हणून झाडाला हात लावत नाही, हे ऐकून तिनं मान हलवली. तिच्या रानात देव नाही, म्हणाली. नुसता वाडवडिलांनी घातलेला नियम.

देव नाही, कोप नाही, तरी इतक्या पिढ्यांत एकानंही तिथं कुऱ्हाड नेली नाही! अशी माणसं कशी असतील, ते बघावंसंच वाटायला लागलं मला.

"घे ती खोली," मी म्हटलं. लेक म्हणाली, मग बुकिंगचं बटण तूच दाब. मी दाबलं तर फोनला माझं बोट कळेना, कातडीच तशी झालेली. लेकीनं माझं बोट आपल्या पदरानं पुसलं, दुसऱ्यांदा टेकवायला लावलं. तिकडं ती बाई फोन हातात धरून वाट बघत उभी, मागं तिचं काळं रान. तिसऱ्यांदा बोट टेकवलं नि खोली आमची झाली.