वेगळा वाडगा

तिंग जिन-शुईचा अर्धा जन्म कालवं सोलण्यात गेला आणि अर्धा तुरुंगात, असं तैवानच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या गावात कुणीही सांगेल. तसा माणूस लोण्याहून मऊ. सुईची नशा सोडली तर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि नेमकी तीच सुटत नव्हती.

पहिल्यांदा सुटून आला तो रक्तात हिपॅटायटिस सी घेऊनच. थोरल्या भावाची मुलं तेव्हा रांगत होती. आईनं जिन-शुईचा वाडगा आणि जेवणाच्या काड्या वेगळ्या केल्या, आणि जेवायला त्याला उंबऱ्याशी बसवलं. पुढे तो कितीदा तरी आत गेला, बाहेर आला. जागा तीच राहिली. त्यानं कधी ब्र काढला नाही.

या खेपेला शिक्षा आठ वर्षांची. सहा सरल्यावर तुरुंगात डॉक्टर आले, सगळ्यांचं रक्त तपासलं. आठ आठवडे गोळ्या घेऊन जिन-शुई बरा झाला. नर्सबाई म्हणाल्या, "हा रोग रक्तातून पसरतो. सुया, वस्तरे. एकत्र जेवून नाही."

सुया म्हणताच त्याला आई आठवली. गावात पूर्वी एक सुईवाला सायकलवरून यायचा, एकाच सुईनं सगळ्या आळीला ताकदीची इंजेक्शनं टोचायचा. आई तर त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. हल्ली ती वाळतच चालली होती. तिला तपासायला सांगायचं तर रोग सुईतून येतो हे सांगावं लागणार, आणि मग वाडगा उगाच वेगळा केला होता, हे तिला आपोआप कळणार. ते म्हातारीला सोसेल का?

मातृदिनाला कैद्यांना घरच्यांबरोबर जेवू देतात. आई आली.

"जेल मानवलेला दिसतोय. गाल वर आलेत."

"तू मात्र सुकट झालीस."

"तोंड आहे का गटार? जेव."

त्यानं धीर केला. "आई, सायकलवरचा सुईवाला आठवतो? त्याच्या सुईनं सी होतो म्हणे. तू रक्त तपासून घे." मग घाईनं पुस्ती जोडली, "जेवणातूनही होतो. थोडा."

"थापा मारू नकोस." आई माशाचे काटे काढत होती. "पाच वर्षांपूर्वी आरोग्यकेंद्रातल्या पोरीनं तपासलं. मलाही आहे. जेवणातून होत नाही, तेही तिनंच सांगितलं."

"मग गोळ्या?"

"घेतल्या असत्या तर गावातून तुझ्या कानावर गेलं असतं, आणि मग तुला सगळं सांगावं लागलं असतं. पोटच्या पोराला उंबऱ्याशी बसवलं, ते कुठल्या तोंडानं सांगू?"

जिन-शुईला रडू आवरेना. बाही नाकाला लावून तो म्हणाला, "सोमवारी जा. दोन वर्षांनी मी येईन तेव्हा दार कोण उघडणार?"

आईनं काटे काढलेला मासा त्याच्यापुढे सारला. 

"गोळ्या कडू असतात का रे?" तिनं विचारलं.