डोळ्यांवाचून कासव

...तर काल सांगत होतो तो आमचा सुतार! काठीच्या मुठीवर प्राणी कोरावा तर त्यानंच. बैल कोरला, तर वाटायचं आता शिंग मारतोय. डोळे मात्र सगळ्यात शेवटी. काठी ज्याची, त्यानं ती धरून उभं राहायचं, मूठ हातात कशी बसते ते हा बघणार आणि मगच प्राण्याची नजर समोर लावणार. अशी त्याची रीत.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. त्यांच्या काठीसाठी यानं ससा काढायला घेतला, तर खाटेवरून वहिनी म्हणतात, "अहो, ससा कसला? माझी चाल बघा आणि कासव करा!" आम्ही पोट धरधरून हसलो.

कासव झालं, पाठीवरच्या नक्षीसकट. वहिनी मात्र उठल्याच नाहीत, खाटेवरच गेल्या.

परवा गेलो, तर काठी रिकाम्या खाटेला टेकलेली आणि कासव तसंच आंधळं. मी म्हटलं, "अरे, आता तरी डोळे कोर त्याचे. बघवत नाही."

हातातली पटाशी खाली ठेवून तो म्हणाला, "कोरले असते रे, पण काठी धरून उभं कोण राहणार?"