तुऱ्याच्या घरातली शक्तीवाली

विमलाताईंचा आवाज आमच्या भांडुपच्या टेकडीवर सगळ्यांच्या ओळखीचा, पण गाण्यामुळे नव्हे. त्या एका दवाखान्यात नंबर पुकारतात. "सतरा नंबर!" म्हटलं की खाली टपरीवर चहा पीत बसलेला पेशंटसुद्धा ग्लास ठेवून उठतो. एवढा आवाज नंबर पुकारण्यात चाललाय, याचा शेजारीण म्हणून मला कायम राग यायचा.

लग्नाआधी त्या संगमेश्वराकडच्या गावात शक्ती-तुऱ्याचे सामने गायच्या. शक्तीवाले देवीला थोर मानतात, तुरेवाले शंकराला, आणि दोघे समोरासमोर उभे राहून गाण्यातून एकमेकांची जिरवतात. बाई शाहीर म्हणजे तेव्हा नवलच. लोक बघायला म्हणून यायचे आणि ऐकायला थांबायचे. गाणी त्या स्वतः रचायच्या. विद्या धाकू गुरूंची, म्हणजे शक्तीची.

मग नंदकिशोररावांशी लग्न झालं. पत्रिका जुळली, पण घर निघालं तीन पिढ्यांचं तुरेवालं. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "या घरात शक्तीचं गाणं नाही. गायचं तर आपल्या गुरूचं नाव घेऊन, तुऱ्याचं गा." गुरू बदलणं म्हणजे बाप बदलणं. विमलाताई गप्प झाल्या. नंदकिशोरराव शेजारीच बसले होते, तेही गप्प. पुरुषांना अशा वेळी मौन बरोबर सुचतं. यात पंचवीसेक वर्षं गेली, सासरेही गेले, तरी घरातला नियम कुणी मोडला नाही.

यंदा जानेवारीत मोडायची वेळ आली. त्यांची मुलगी श्रुतिका तुऱ्याच्या महिला मंडळात कोरसला आहे. मंडळाची शाहीर रेवती, तिचा घसा बसला आणि रविवारी मुलुंडला सामना.

"आई, तू गा ना."

"मी तुऱ्याची नाही गं."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, यार."

"आणि गणात नाव कोणाचं घेऊ?"

गण म्हणजे पहिलं गाणं. त्यात शाहिरानं आपल्या गुरूचं नाव घ्यावंच लागतं. धाकू गुरूंचं घेतलं तर तुरेवाले उठून जाणार, सासऱ्यांच्या गुरूचं घेतलं तर स्वतःलाच तोंड दाखवता येणार नाही.

"मग नावच टाळ," श्रुतिका म्हणाली. विमलाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी मुकाट्यानं आत गेली.

दोन दिवसांनी "गाते" म्हणाल्या. नाव कोणाचं, ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. भांडी घासताना गुणगुणायच्या. मी भिंतीला कान लावून पाहिला, पण शब्द काही लागले नाहीत.

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं होतं. पहिल्याच ओळीला त्यांचा आवाज चिरकला. नंबर पुकारणं वेगळं नि गाणं वेगळं, मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या ओळीला जरा स्थिरावला. मग ती ओळ आली.

"गणराया येई रंगी, धाकू गुरूची मी लेक."

शाहिराची ओळ मागच्या मुलींनी उचलायची असते. एकीनंही उचलली नाही. श्रुतिका खाली बघत राहिली. पुढच्या रांगेतले सासऱ्यांच्या वेळचे दोन म्हातारे खाकरत उठले आणि चालू लागले. विमलाताईंनी ओळ पुन्हा म्हटली. ढोलकी तेवढी वाजत होती. ओळ उचलायला कुणी नसेल तर शाहिरानं काय करायचं? त्यांनी कानावरचा हात खाली घेतला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून भसाडा आवाज आला, "धाकू गुरूची मी लेक." नंदकिशोरराव उभे होते. साठीला आलेला मिशीवाला माणूस 'मी लेक' म्हणतोय म्हटल्यावर लोक हसले. सुराचा तर पत्ताच नव्हता. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, आणखी मोठ्यानं. तेव्हा श्रुतिकानं मान वर केली आणि ओळ उचलली. मग बाकीच्या मुलींनीही. समोरचे शक्तीवाले आपल्याच गुरूचं नाव ऐकून गोंधळले, आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले.

पुढे दोन तास विमलाताईंनी त्याच शक्तीवाल्यांना सवालांनी घाम फोडला.

परतताना ती दोघं आणि मी एका रिक्षात होतो. रिक्षा भांडुपला वळली.

"सूर लागत नाही तुमचा," विमलाताई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"म्हणून इतकी वर्षं गप्प होतात?"

"नाही. बाबांची भीती वाटायची."

"आणि आज नाही वाटली?"

नंदकिशोरराव बाहेर बघत होते. "वाटली ना. तू हात खाली घेतलास तेव्हा. म्हटलं, आता ही मरेपर्यंत गाणार नाही."